आधी अंथरूण, मग पांघरूण: स्लीपिंग बॅग आणि एअर मॅट्रेस घेताना

प्रश्न जुळे सोलापुरातल्या एका कुटुंबाचा आहे. नवरा-बायको, तेरा वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी. डिसेंबरअखेर हरिश्चंद्रगडावर एक मुक्काम, जानेवारीत मंगळवेढ्याकडे मामांच्या रानात हुरड्याला दोन रात्री तंबूत, आणि पुढच्या मे महिन्यात बाप-लेकाचा हिमाचलातला ट्रेक, असा त्यांचा बेत आहे. ‘मायनस ५’ लिहिलेल्या चार स्लीपिंग बॅगा आणि विजेच्या पंपासकट दोन डबल एअर मॅट्रेस त्यांनी ऑनलाइन निवडून ठेवल्यात. घेऊ का, असं ते विचारतात. वहिनींचा प्रश्न वेगळा आहे: घरात सहा सोलापुरी चादरी आणि दोन रजया पडून असताना हे सगळं लागतंच कशाला?

गेली पंचवीसेक वर्षं मी सोलापुरातून पोरं घेऊन सह्याद्रीत जातो, अधूनमधून हिमालयातही. घराच्या माळ्यावर बॅगा आणि मॅट यांचा ढीग आहे. त्यातल्या कितीतरी मी चुकून घेतल्या आणि कितीतरी इतरांनी चुकून घेऊन मला आणून दिल्या. तेवढ्या अनुभवावर सांगतो, अजून पैसे भरू नका. तुमच्या यादीत बॅगेवरचा आकडा मोठा आहे आणि अंगाखालची गोष्ट चुकली आहे. बहुतेक जण नेमकं हेच करतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी माझीच गोष्ट ऐका. बऱ्याच वर्षांपूर्वी मोहोळजवळ एका मित्राच्या वस्तीवर आम्ही हुरड्याला गेलो होतो. मी नवीकोरी डबल एअर मॅट्रेस नेली होती. चांगली वीतभर जाडीची, वरून मखमली. फुगवून तंबूत टाकली तेव्हा सगळ्यांनी हेवा केला. वर जाड रजई होती. रात्री दोन वाजता पाठ गार पडून जाग आली. रजई आणखी गुंडाळली, स्वेटर चढवला, कानटोपी घातली, तरी पाठीतला गारठा हटेना. शेवटी उठून मित्राच्या वडिलांच्या शेजारी जाऊन पडलो. म्हातारबाबा गंजीतला कडबा पसरून, त्यावर ताडपत्री आणि घोंगडी टाकून, अंगावर एकच वाकळ घेऊन घोरत होते. तिथे मला दहा मिनिटांत झोप लागली.

त्या रात्री काय घडलं ते समजून घेतलंत तर निम्मी खरेदी आपोआप ठरेल. पांघरूण काय किंवा स्लीपिंग बॅग काय, दोन्ही स्वतः ऊब तयार करत नाहीत. ऊब शरीराची. त्या वस्तू फक्त तंतूंच्या किंवा पिसांच्या फुगीरपणात हवा धरून ठेवतात आणि ती अडकलेली हवा आपली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. आपण जिच्यावर झोपतो ती बॅगेची खालची बाजू आपल्याच वजनाने दबून चपटी होते. फुगीरपणा गेला की अडकलेली हवा गेली. म्हणजे बॅग कितीही महाग असो, पाठीखाली ती जवळजवळ कापडासारखीच असते. खाली असते जमीन, आणि जमिनीची भूक मोठी. ती रात्रभर अंगातली ऊब ओढत राहते.

मग वीतभर हवेची मॅट्रेस तिला का अडवू शकली नाही? कारण त्यातली हवा अडकलेली नव्हती, मोकळी होती. आपण कूस बदलली की ती ढवळते, उघड्या कडांवरून थंड होते, आणि वरच्या कापडातली ऊब आतली पोकळी ओलांडून खालच्या गार कापडाकडे जात राहते. कडब्यात मात्र प्रत्येक काडीच्या आत आणि दोन काड्यांच्या मध्ये हवेचे लहान लहान कप्पे असतात. त्यातली हवा हलत नाही. घोंगडीच्या लोकरीचंही तेच. म्हातारबाबांचं अंथरूण माझ्या मॅट्रेसपेक्षा शास्त्राला धरून होतं.

हे मोजायला एक आकडा आहे: आर-व्हॅल्यू. उष्णतेला किती विरोध होतो ते तो सांगतो. जास्त तेवढा चांगला. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने हा आकडा काढायची, त्यामुळे दोन मॅटची तुलना करण्यात अर्थ नसायचा. २०१८ साली एएसटीएम एफ ३३४० हे मानक आलं, आणि त्यानंतरच्या काळात नावाजलेल्या कंपन्या एकाच पद्धतीने मोजलेला आकडा छापतात. खोक्यावर आर-व्हॅल्यूच नसेल तर ती मॅट उबेसाठी बनवलेलीच नाही असं धरून चाला. साध्या, आत काहीही न भरलेल्या एअर मॅट्रेसची आर-व्हॅल्यू १ च्या आसपास किंवा त्याहून कमी निघते. साधी फोमची कॅरीमॅट, जी सॅकला बाहेरून बांधतात, ती दीड ते दोनच्या घरात असते. ज्यांच्या आत तंतूंचा थर किंवा चकचकीत पडदे बसवलेले असतात अशा इन्सुलेटेड एअर मॅट तीन ते पाचपर्यंत जातात, बर्फावरच्या खास मॅट त्याहूनही वर.

आपल्या रानातल्या आणि सह्याद्रीतल्या हिवाळ्यासाठी अंगाखाली एकूण दोन ते तीन आर-व्हॅल्यू पुरते. ‘एकूण’ म्हणतो, कारण हे आकडे बेरजेत चालतात. दोनची कॅरीमॅट आणि एकची एअर मॅट एकावर एक टाकली की तीन झाले. म्हणून तुमच्याकडे आधीच एअर मॅट्रेस असेल तर ती फेकू नका. तिच्यावर कॅरीमॅट, जाड सतरंजी किंवा घोंगडी अंथरा. वर अंथरा, खाली नव्हे. मॅट्रेसच्या कडा गार हवेत उघड्या असतात, त्यामुळे अडथळा अंगाच्या जितका जवळ तितका बरा.

आता थोडं एअर मॅट्रेसच्या बाजूनेही बोलतो. तिला नावं ठेवणारे ट्रेकर खूप आहेत, पण पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची कंबर काय म्हणते ते त्यांना अजून कळायचंय. कुशीवर झोपणाऱ्याच्या खांद्याला आणि खुब्याला पातळ फोमवर रग लागते. ढेकळांच्या रानात तर लागतेच. गाडी तंबूपर्यंत जात असेल, थंडी बेताची असेल आणि घरात गुडघे-कंबरेचं दुखणं असेल तर एअर मॅट्रेस हवीच. फक्त तिच्याकडून उबेची अपेक्षा नको. आणि डबल घेऊ नका, दोन सिंगल घ्या. डबलवर एकाने कूस बदलली की दुसरा उचलला जातो, आणि एक भोक पडलं की दोघं जमिनीवर येतात. विजेचा पंपही राहू द्या. रानात वीज रात्री किती वाजता येईल याचा नेम नसतो. पायाने दाबायचा पंप किंवा मॅटबरोबर येणारी हवा भरायची पिशवी घ्या. तोंडाने फुगवणं टाळा. श्वासातली वाफ आत साचते, बुरशी धरते आणि वास कधीच जात नाही.

पहाटे मॅट्रेस मऊ पडली की लोक म्हणतात, पंक्चर झाली. बऱ्याचदा तसं नसतं. दुपारी चार वाजता ३० अंशांत भरलेली हवा पहाटे १२ अंशांवर आली की साधारण सहा टक्क्यांनी आकसते. त्यात नवीन मॅट्रेसचं प्लास्टिक पहिल्या दोन-तीन रात्री थोडं ताणतं. म्हणून झोपायच्या आधी, हवा गार झाल्यावर, पंपाने थोडी हवा पुन्हा भरावी. याच्या उलट, दिवसा भरलेली मॅट्रेस उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका. हवा फुगून आतले जोड उसवतात, मध्येच एक फुगा वर येतो, आणि ते परत दुरुस्त होत नाही. आपल्याकडच्या उन्हाला हे करायला एप्रिल-मेची वाट पाहावी लागत नाही, फेब्रुवारीतली दुपारही पुरे.

खरं पंक्चर मात्र आपल्या भागात ठरलेलंच. पुण्या-मुंबईकडच्या माणसाने लिहिलेल्या सल्ल्यात हे येत नाही, पण सोलापूर जिल्ह्यात तंबू टाकायचा म्हणजे बाभळीचे काटे आणि सराटे आलेच. बाभळीचा वाळलेला पांढरा काटा तंबूचा तळ, मॅट्रेस आणि चप्पल एका दमात पार करतो. त्यामुळे बाभळीखाली सावली कितीही छान असली तरी तिथे तंबू नको. जागा निवडल्यावर आधी खराट्याने झाडून घ्या, मग तळहात टेकवत चाचपा, मग ताडपत्री टाका. तंबूत शिरताना चपला बाहेर ठेवा, कारण सराटे तळव्याला चिकटूनच आत येतात. मॅटबरोबर आलेली ठिगळं आणि गोंद सॅकच्या वरच्या खिशात असू द्या. सायकलच्या ट्यूबचं सोल्युशन इथे टिकत नाही, ते रबरासाठी असतं. प्लास्टिकच्या मॅट्रेसला पीव्हीसीचाच गोंद लागतो. भोक शोधायची रीत मात्र सायकलवाल्याचीच: फुगवायची, साबणाचं पाणी फिरवायचं, बुडबुडा कुठे येतो ते पाहायचं. जागा कोरडी करून स्पिरिटने पुसल्याशिवाय ठिगळ लावू नका.

फोमच्या कॅरीमॅटला यातलं काहीच होत नाही. काटा घुसला तर उपटून टाकायचा. म्हणूनच जिथे पाठीवर ओझं घेऊन चढायचंय, तिथे मी आजही पोरांना कॅरीमॅटच नेऊ देतो. घडीची, खोबणी असलेली मॅट गुंडाळीच्या मॅटपेक्षा पाठीला बरी लागते. तीही जागा खाते, पण वजनाला काहीच नाही. एक तिसरा प्रकार असतो, झडप उघडली की स्वतःच निम्मीअधिक फुगणारी मॅट, जिच्या आत स्पंज असतो. ऊब चांगली, आराम चांगला, पण वजनदार आणि महाग. गाडीने जाणाऱ्या जोडप्याने जरूर घ्यावी. घरी ठेवताना झडप उघडी ठेवून पलंगाखाली पसरून ठेवावी लागते, नाहीतर स्पंज दबलेलाच राहतो.

अंगाखालचं झालं. आता बॅग.

‘मायनस ५’ हा आकडा कोणी आणि कसा काढला, हा पहिला प्रश्न. युरोपात २००२ साली ईएन १३५३७ नावाचं मानक आलं, पुढे त्याची जागा आयएसओ २३५३७ ने घेतली. त्यात संवेदक बसवलेला पुतळा बॅगेत झोपवतात. त्याच्या अंगात आतले कपडे असतात आणि खाली मॅटही असते. हे लक्षात घ्या, मॅट धरूनच तो आकडा येतो. त्यातून तीन तापमानं निघतात. पहिलं कम्फर्ट: या तापमानाला सर्वसाधारण स्त्री हातपाय सैल सोडून निवांत झोपू शकते. दुसरं लिमिट: सर्वसाधारण पुरुष अंग आखडून आठ तास काढू शकतो. तिसरं एक्स्ट्रीम: इथे झोपेचा विषयच नाही, सर्वसाधारण स्त्री सहा तास जिवंत राहू शकते एवढाच त्याचा अर्थ, आणि तेही गारठ्याने शरीराला इजा होण्याचा धोका पत्करून. स्वस्त बॅगांवर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुतेक वेळा तिसरा असतो, किंवा कोणत्याच चाचणीतून आलेला नसतो.

मीही फसलो आहे. बारा जणांसाठी घाऊक घेतलेल्या ‘शून्य अंशा’च्या बॅगा घेऊन डिसेंबरात गडावर गेलो. तिथे शून्य नव्हतंच, सात-आठ अंश असावेत. तरी रात्री एकनंतर कोणीच झोपलं नाही. त्यातली एक मुलगी इतकी कुडकुडत होती की तिला दोघींच्या मध्ये झोपवावं लागलं. त्या रात्रीची भीती मी अजून विसरलो नाही, कारण ती पोरं माझ्या भरवशावर आली होती. तेव्हापासून माझा नियम एकच आहे. बॅगेच्या आत शिवलेल्या पट्टीवर कम्फर्टचा आकडा वेगळा लिहिलेला असेल तरच बॅग विचारात घ्यायची, आणि आपल्याला लागेल त्याहून पाच अंश खालची घ्यायची. बायकांना सहसा पुरुषांपेक्षा लवकर थंडी वाजते, मानकातच ते धरलेलं आहे. वहिनींसाठी लिमिटच्या आकड्याकडे बघूसुद्धा नका.

मग आपल्याला लागतं किती? डिसेंबर-जानेवारीत सोलापूर शहरात रात्रीचं तापमान साधारण १५-१६ अंशांच्या आसपास असतं, लाट आली की १० च्या जवळ उतरतं. रानात मी यातून आणखी तीन-चार अंश वजा करतो. ओढ्याकाठी, खोलगट जागी आणखी दोन, कारण निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गार हवा जड होऊन पाण्यासारखी सखल भागात साचते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी हिमकण जमल्याचे फोटो तुम्ही पाहिले असतील, ते याच कारणाने. म्हणून मामांच्या रानात तंबू ओढ्यापासून लांब, बांधाच्या वरच्या अंगाला टाका. दव खूप पडतं, तेव्हा तंबूवरचा दुसरा कपडा विसरू नका.

हरिश्चंद्रगडाचा हिशेब असा. उंचीच्या दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४६० मीटरवर आहे आणि गड १४२४ मीटर. म्हणजे सहा अंश तिथेच गेले. शिवाय नाशिक-नगरच्या बाजूची थंडी मुळात आपल्याहून कडक, निफाडचे आकडे दर हिवाळ्यात पेपरात येतातच. पाच-सहा अंशांची तयारी ठेवून जावं, वर वारा असतो तो वेगळा. आणि गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा मुक्कामाचे आणि तंबूचे सध्याचे नियम निघण्याआधी वन खात्याकडून विचारून घ्या.

म्हणजे तुमच्या दोन्ही सहलींना मिळून शून्याच्या आसपास कम्फर्टची बॅग पुरते. गडावर आतून गरम कपडे आणि लायनर, म्हणजे बॅगेच्या आत घालायची पातळ खोळ, रानात चेन अर्धी उघडी ठेवून. ‘मायनस’ची काही गरज नाही. आणि हिमाचलासाठी? मे महिन्यातसुद्धा बारा-तेरा हजार फुटांवरच्या तळावर रात्र शून्याच्या खाली जाऊ शकते. तिथे खरी मायनस कम्फर्टची बॅग लागते. पण ती विकत घेऊ नका. बहुतेक आयोजक तिथे बॅग आणि मॅट देतात, नसतील देत तर पुण्यात किंवा पायथ्याच्या गावात भाड्याने मिळते. आयुष्यात चार रात्री लागणारी बॅग सोलापुरातल्या कपाटात अकरा महिने उन्हाळा सोसत पडून राहते. तुम्ही फक्त स्वतःचं लायनर घेऊन जा. भाड्याच्या बॅगेत आधी कोण झोपलं होतं याचा विचार मग छळत नाही, आणि थोडी ऊबही वाढते. कर्नाटक एक्सप्रेसने थेट दिल्लीपर्यंत जाणार असाल तर सामान हलकं असलेलं बरंच.

भरण कोणतं? पिसांच्या, म्हणजे डाऊनच्या बॅगा हलक्या आणि चेपून अगदी लहान होतात. त्यांचा फुगीरपणा फिल पॉवरने मोजतात, ६०० चांगलं, ८०० उत्तम. पण पिसं भिजली की एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि ऊब जाते. कृत्रिम तंतूंची बॅग जड आणि बोजड, पण ओलसर झाली तरी बऱ्यापैकी ऊब धरते, घरी धुता येते आणि किंमत निम्म्याहूनही कमी. सह्याद्रीतलं धुकं, रानातलं दव, तंबूच्या कापडावर आतून साचणारं श्वासाचं पाणी आणि सोबत दोन मुलं, हे सगळं बघता तुमच्यासाठी कृत्रिमच. यात मला जराही शंका वाटत नाही.

आकार थोडक्यात. डोक्याला टोपी आणि पायाकडे निमुळती असलेली बॅग जास्त उबदार, चौकोनी जास्त मोकळी. गडासाठी तुम्हा दोघांना निमुळती घ्या. घेताना दुकानात आत शिरून, चेन लावून, गुडघे पोटाशी घेऊन बघा. घट्ट बसली तर भरण दबतं, फार सैल असेल तर आतली रिकामी जागा तापवण्यातच रात्र जाते. चेनच्या आतून जाड पट्टी हवी, नाहीतर गार वारा नेमका तिथूनच शिरतो. रंग कोणताही चालेल.

मुलांचं जरा वेगळं. बॅगेवरचे आकडे मोठ्या माणसांसाठी काढलेले असतात, लहान मुलांना ते लागू पडत नाहीत. मुलगा तेरा वर्षांचा आहे, त्याला मोठ्यांचीच बॅग घ्या, चार वर्षं वापरेल. मुलीसाठी बॅग विकत घेण्यापेक्षा मोठ्यांच्या एखाद्या जुन्या बॅगेचं पायाकडचं टोक दुमडून नाड्याने बांधा, म्हणजे तिच्या उंचीएवढीच जागा उरेल. ती आईला चिकटून झोपत असेल तर डाव्या आणि उजव्या चेनच्या दोन चौकोनी बॅगा एकमेकींना जोडता येतात. रानात ती सोय छान. मुलांच्या अंगाखाली मात्र कंजुषी नको. झोपेत ती मॅटवरून घरंगळतात, म्हणून दोन्ही मुलांच्या मॅट मधोमध, कडेला मोठी माणसं.

आता वहिनींचा प्रश्न, आणि तो मला मनापासून पटलेला आहे. मंगळवेढ्याला गाडी तंबूपर्यंत जाणार असेल तर नवीन बॅगांशिवायही भागेल. खाली ताडपत्री, त्यावर कडबा मिळाला तर कडबा, वर सतरंजी किंवा घोंगडी, अंगावर रजई आणि तिच्यावर सोलापुरी चादर. तुम्हा चौघांची रात्र मस्त जाईल. कडबा गंजीतून काढताना काठीने हलवून, झटकून घ्या. त्यात उंदीर असतात आणि उंदरामागे साप येतो. घट्ट चेनचा तंबू असेल तर कडबा तंबूच्या तळाखाली पसरा, आत नको. चादर सुती असते, विणीने घट्ट आणि वाऱ्याला चांगली. पण सुताला ओल प्यायची सवय. दवात भिजली की जड होते आणि दुपारपर्यंत वाळत नाही. म्हणून तंबूच्या आत चादर उत्तम, उघड्यावर नाही. गडावर मात्र चादरी आणि रजया नेऊ नका. चौघांचं ते ओझं पायथ्याच्या पाचनई गावापासून वर चढवताना मुलांचे हाल होतील, आणि पोचल्यावर घामेजलेली, गार पडलेली चादर अंगावर घ्यावी लागेल. दोन मऊ, पातळ चादरी मात्र उभ्या दुमडून, तळ आणि बाजू शिवून घ्या. घरच्या घरी लायनर तयार. बॅग आतून मळत नाही, धुवायची ती फक्त खोळ.

हुरड्याच्या आगटीबद्दल एक ताकीद. बॅगेचं कापड नायलॉनचं असतं. गोवऱ्यांच्या आगटीतली एक ठिणगी उडाली तरी मोहरीएवढं भोक पडतं आणि भरण बाहेर यायला लागतं. आगटीशी बसताना अंगावर चादर किंवा घोंगडी घ्या, बॅग तंबूतच राहू दे. आणि कितीही थंडी वाजली तरी निखाऱ्याची शेगडी, घमेलं किंवा पेटता स्टोव्ह तंबूत घेऊ नका. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेला माणूस उठतच नाही. याला अपवाद नाही. पहाटेच्या पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही.

शेगडीऐवजी हे करा. झोपण्याआधी पोटभर खा, वर गूळ-शेंगदाणे किंवा शेंगापोळीचा तुकडा. अन्न पचताना अंग तापतं. लघवीला जाऊन या, टाळत पडून राहिलं तर झोप लागत नाही. दिवसभराचे घामेजलेले मोजे काढून कोरडे घाला. झाकण पक्कं असलेल्या बाटलीत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवा. तोंड बॅगेच्या आत घालू नका, वाफेने बॅग ओली होते. तंबूची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. पिशवीतून काढलेली बॅग झोपायच्या तासभर आधी झटकून पसरा, तंतूंना फुगायला वेळ लागतो. आणि आत शिरण्याआधी पुन्हा एकदा झटका, आपल्या भागात विंचवाला उबदार जागा फार आवडते.

परत आल्यावर बॅग गच्चीवर सावलीत दोन दिवस वारा लागेल अशी टांगा. कडक उन्हात नको, नायलॉन विरतं. लहान पिशवीत कोंबून माळ्यावर टाकलेली बॅग दोन उन्हाळ्यांत पातळ होते. मी जुन्या उशीच्या मोठ्या अभ्र्यात सैल भरून खुंटीला अडकवतो. धुवायची वेळ आली तर सौम्य साबण, थंड पाणी, पिळायचं नाही. पिसांची बॅग असेल तर पूर्ण कोरडी व्हायला बरेच तास जातात, मधूनमधून गाठी हाताने मोडाव्या लागतात.

तर तुमची खरेदी माझ्या मते अशी. घडीच्या कॅरीमॅट चार, आधी याच. कृत्रिम तंतूंच्या तीन बॅगा, कम्फर्ट शून्याच्या आसपासच्या, पट्टीवर मानकाचा आकडा छापलेल्या. मुलीसाठी कोणाची तरी जुनी बॅग मागून आणा, सोलापुरात ट्रेकला जाणारी मंडळी हल्ली पुष्कळ आहेत, पहिल्या सहलीला माझ्याकडचीच घेऊन जा. कंबरेचा त्रास तुमच्यापैकी कोणाला असेल तर एक सिंगल एअर मॅट, शक्यतो आर-व्हॅल्यू तीनच्या आसपासची. दोन चादरींचे लायनर घरी शिवा. पंप आणि डबल मॅट्रेस यादीतून काढा.

सामान आलं की गडाची वाट बघू नका. डिसेंबरातल्या एखाद्या शनिवारी रात्री चौघंही गच्चीवर झोपा. फरशी गार असते, वर आभाळ उघडं असतं, परीक्षा पुरेशी होते. कोणाची पाठ गार पडली, कोणाचे पाय, मुलगी मॅटवरून किती वेळा घरंगळली, मॅट पहाटे किती मऊ झाली, ते सकाळी चहा घेताना लिहून काढा आणि मला कळवा. काही कमी पडलं असेल तर खाली जिना उतरून रजई आणता येते, आणि बदलून घ्यायला आठवडाही हाताशी राहतो.